स्टेपनीत हवा आहे का?

बॅकअप सर्व्हर म्हणजे क्रिकेटमधला बारावा खेळाडू. पाणी आणतो, टॉवेल देतो, सगळ्यांना वाटतं पोरगं एकदम तयार आहे. मैदानात उतरायची वेळ आली की कळतं, पठ्ठ्याने बॅटच आणलेली नाही!

माझी रोजीरोटीच ही. पुण्यात बसून सांगली-साताऱ्याचे सर्व्हर सांभाळायचे. एका पतसंस्थेचा मेन सर्व्हर सांगलीत, स्टँडबाय साताऱ्यात. जागेची निवड झकास, कारण ऑगस्ट 2019 च्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फूट ओलांडले होते आणि धोक्याची पातळी आहे 45. बॅकअप त्याच गावात ठेवला तर दोघांनाही एकदमच जलसमाधी.

पण एका सोमवारी सांगलीचा सर्व्हर बसला. साताऱ्याचा उठला, हिरवा दिवा लागला, आणि तरी काम ठप्प! शाखांमधल्या सॉफ्टवेअरमध्ये सांगलीचाच पत्ता पक्का लिहिलेला. सगळे कॉम्प्युटर बंद दारावर टकटक करत बसले. काउंटरवर एका काकांना दवाखान्याचं बिल भरायला पैसे हवे होते. मॅनेजर फोनवर, ‘‘साहेब, दोन सर्व्हरचे पैसे घेतलाय, एक तरी चालू करा की ओ!’’

चिडचिड कशाची झाली सांगू? मेन मुद्दाम बंद करून बघू, असं मी तीनदा लेखी कळवलं होतं. उत्तर ठरलेलं, ‘चालू गाडीला कशाला हात लावता?’

बरं, मशीनचीही अडचण असते. सांगलीकडून ‘मी जिवंत आहे’ हा निरोप थांबला, की सांगली मेली का मधली लाइन तुटली, हे साताऱ्याला कळत नाही. दोघंही मालक झाले तर हिशेबाचा बट्ट्याबोळ. ऑक्टोबर 2018 मध्ये गिटहबची दोन केंद्रांमधली लाइन फक्त 43 सेकंद तुटली, निस्तरायला 24 तास 11 मिनिटं लागली! म्हणून तिसऱ्या गावात एक साक्षीदार सर्व्हर ठेवायचा. कराड चालेल.

आणि हे फक्त आपलंच दुखणं नाही बरं का. बाहेरचं ग्रिड कोसळलं तरी मुंबईची वीज राहावी म्हणून ‘आयलंडिंग’ची सोय केलेली होती. 12 ऑक्टोबर 2020 ला नेमकी तीच चालली नाही आणि लोकल जागच्या जागी थांबल्या.

आता ती पतसंस्था दर तीन महिन्यांनी, काउंटर बंद झाल्यावर, मेन खरोखर बंद करते. पहिल्या वेळी आणखी दोन भानगडी सापडल्या. पण त्या शनिवारी रात्री सापडल्या, सोमवारी सकाळी काकांसमोर नाही. तुमच्या ऑफिसात शेवटची रंगीत तालीम कधी झाली होती? उद्या विचारून बघा. आणि समोरचा नुसताच हसला, तर तुमचा पुढचा वीकेंड गेला म्हणून समजा!