कण्याचे दुखणे आणि संसार

अमेरिकेत टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराजवळ, शुगर लँड नावाचे गाव आहे. नावाप्रमाणेच ते ऊस आणि साखर यांवर वाढले. तेथील साखर कारखाना २००३ साली बंद पडला. आज तेथे पुष्कळ भारतीय कुटुंबे राहतात व त्यांत मराठीही आहेत. आपले पूर्वजही या बेटावर आले ते उसाच्या मळ्यांत राबण्यासाठीच. म्हणून पाठदुखी म्हटली की आपल्याला कष्ट आठवतात, आणि घरची वडील मंडळी सांगतात, "पडून राहा, बरे वाटेल."

परंतु पाठीचे एक दुखणे असे आहे की ते पडून राहिल्याने वाढते. त्याला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस म्हणतात. म्हणजे कण्याचा, दाह करणारा संधिवात. तो कष्टाने होत नाही. ऊस तोडणाऱ्याला होतो, तसाच शुगर लँडमध्ये खुर्चीवर बसून काम करणाऱ्यालाही होतो. उत्तररात्री दुखण्याने झोपमोड होते, सकाळी पाठ आखडलेली असते आणि हिंडल्या-फिरल्यावर सैल होते. तो बहुधा विशी-तिशीत, म्हणजे ऐन लग्नाच्या वयात सुरू होतो. पूर्वी तो पुरुषांचाच रोग मानीत. स्त्रियांनाही तो होतो, मात्र त्यांचे निदान बरेचदा उशिरा होते.

आता जे कोणी बोलत नाही ते बोलू. या रोगाचा परिणाम पतिपत्नीच्या शरीरसंबंधावर होतो. कंबर व खुबे आखडतात, थकवा येतो, मन खचते. पुरुषांत ताठरतेची अडचण इतरांपेक्षा अधिक आढळते. स्त्रियांना खुब्याच्या वेदनेमुळे संबंध नकोसा वाटतो. नवऱ्याला वाटते, हिचे प्रेम आटले. बायकोला वाटते, यांचे मन दुसरीकडे आहे. दोष दुखण्याचा असतो आणि तडा संसाराला जातो.

यावर उपाय आहेत. दाह आटोक्यात आला की पुष्कळदा ही बाजूही सुधारते, म्हणून औषध व रोजचा व्यायाम सोडू नये. पहाटेची वेळ टाळावी, आधी गरम पाण्याने अंघोळ करावी, कुशीवर निजावे, गुडघ्याखाली उशी घ्यावी. या साध्या गोष्टींनीही फरक पडतो. पुरुषाची अडचण केवळ कण्यामुळेच आहे असे धरून चालू नये. तिच्यामागे मधुमेह किंवा रक्तदाबही असू शकतो, आणि आपल्या बेटावर मधुमेह घरोघरी आहे.

मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. सल्फासॅलाझिन या औषधाने पुरुषाचे शुक्रजंतू घटतात. ते थांबविल्यावर साधारण दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्या स्त्रीने गर्भ राहण्यापूर्वीच ते डॉक्टरांच्या सल्ल्याने बंद केले पाहिजे. कोणतेही औषध आपल्या मनाने मात्र सोडू नये. मुलालाही हा रोग होईल, या भीतीने लग्ने मोडतात. या रोगाशी निगडित असलेला एचएलए-बी२७ हा घटक १९७३ साली उजेडात आला. तो मुलात उतरू शकतो हे खरे. पण ज्यांच्यात तो असतो त्यांपैकी बहुतेकांना हा रोग कधीच होत नाही.

असे विषय मराठीत बोलू नयेत, असे कोणी म्हणेल. त्यांनी रघुनाथ धोंडो कर्वे यांचे स्मरण करावे. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि अश्लीलतेचे खटले सोसूनही १९५३ मध्ये मरेपर्यंत ते चालविले. ज्या भाषेत शंभर वर्षांपूर्वी हे छापले गेले, त्या भाषेत आज नवरा-बायकोने आपसात बोलण्यास लाजू नये.

शुगर लँडपासून ह्यूस्टनची मोठी इस्पितळे जवळ आहेत. पण इस्पितळ कितीही मोठे असले तरी न सांगितलेल्या दुखण्यावर कोणता डॉक्टर औषध देणार? तेथे असो वा येथे, पाठ दाखवायला जाल तेव्हा जोडीदारालाही सोबत न्या आणि हा प्रश्न विचारून या. डॉक्टरांनी आपण होऊन विचारले नाही, तर तुम्ही विचारा. सासू-सासऱ्यांनीही सुनेला "अजून पाळणा का हलत नाही?" म्हणून टोचण्यापूर्वी मुलाच्या पाठीची चौकशी करावी.