‘काही नाही’ करण्याचा दिवस

मुलामुलींनो, शाळेच्या फॉर्मवर ‘आईचा व्यवसाय’ असा एक रकाना असतो, आठवतंय? तिथे तुम्ही काय लिहिता? शिक्षिका, नर्स, शेती, बँकेत नोकरी... आणि ज्यांची आई घरी असते ते लिहितात, ‘गृहिणी’. कुणी पुढे विचारलंच, “म्हणजे आई काय करते?” तर पटकन उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते!”

आज या ‘काही नाही’चीच एक खरीखुरी गोष्ट सांगायची आहे. एका देशातल्या जवळजवळ सगळ्या बायकांनी एकदा ठरवलं, की आज खरोखरच ‘काही नाही’ करायचं. ना घरात, ना बाहेर. एकच दिवस! आणि त्या एका दिवसात अख्ख्या देशाची जी तारांबळ उडाली, ती लोक अजून विसरलेले नाहीत.

जरा नकाशाची वही उघडा पाहू. युरोपच्या वायव्येला, उत्तर अटलांटिक महासागरात, थेट उत्तर ध्रुववृत्ताला टेकलेलं एक बेट दिसेल. ते आइसलंड. हिमनद्यांचा, धुमसणाऱ्या ज्वालामुखींचा आणि जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याच्या कारंज्यांचा देश. आकाराने आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. पण माणसं किती? १९७५ साली सगळी मिळून सव्वादोन लाखसुद्धा नव्हती! रेक्याविक ही त्यांची राजधानी. समुद्रात मासे धरायचे आणि जगाला विकायचे, हा तिथला मोठा धंदा. मासे धरायला जात पुरुष. किनाऱ्यावरच्या कारखान्यांत ते साफ करायला, कापायला उभ्या असत त्या बहुतेक बायका.

आइसलंडमधल्या बायका शिकलेल्या होत्या, नोकऱ्या करत होत्या. मतदानाचा हक्क तर त्यांना १९१५ सालापासून होता (तेव्हा फक्त चाळिशीच्या पुढच्या बायकांना, आणि १९२० पासून पुरुषांच्या बरोबरीने). मग तक्रार कसली?

तक्रार अशी, की १९७५ साली तिथल्या बायकांची सरासरी कमाई पुरुषांच्या कमाईच्या ६० टक्क्यांहूनही कमी होती. संसदेत ६० खासदार, त्यांत बायका फक्त ३! आणि नोकरी करून घरी आलं की स्वयंपाक, कपडे, भांडी, मुलांचा अभ्यास, आजारी माणसांची देखभाल हे सगळं पुन्हा आहेच. त्याचा पगार कोण देणार? आणि जे काम पगाराच्या हिशेबात नाही, त्याला काम तरी कोण म्हणणार? थोडक्यात काय, तर ‘काही नाही, घरीच असते!’

१९७० साली तिथे काही तरुण मुलींनी एक संघटना काढली होती. नाव मोठं गमतीदार, ‘लाल मोजे’! कारण पहिल्यांदा मिरवणुकीत आल्या तेव्हा त्या लाल मोजे घालून आल्या होत्या. या लाल मोजेवाल्यांची कल्पना अशी, की बायकांनी एक दिवस संप करायचा. दिसू दे एकदा सगळ्यांना, आपल्यावाचून काय काय अडतं ते! पुढे १९७५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघाने ‘आंतरराष्ट्रीय महिला वर्ष’ म्हणून जाहीर केलं. त्या वर्षी जून महिन्यात रेक्याविकला महिलांची मोठी परिषद भरली. वेगवेगळ्या पक्षांच्या, वेगवेगळ्या वयाच्या बायका जमल्या. संपाचा विषय निघाला आणि तिथेच घोडं अडलं. ‘संप’ हा शब्दच पुष्कळ जणींना नको होता. फार भांडखोर वाटतो म्हणे! शिवाय संपावर गेलं तर मालक नोकरीवरून काढून टाकील, ही भीती होतीच.

मग काय केलं असेल? काम थांबवायचं ते थांबवायचंच. फक्त शब्द बदलला. ‘संप’ नाही म्हणायचं, ‘रजा’ म्हणायचं! महिलांचा रजेचा दिवस! आता रजा मागितली तर मालक काय करणार? आणि रजेवर जायला कोणत्या आजीची हरकत असणार? बघा हं, एक शब्द बदलला आणि ज्या बायका एरवी कधी एका व्यासपीठावर आल्या नसत्या, त्या एकत्र आल्या. मुक्काम तोच, रस्ता जरा रुंद केला, एवढंच. दिवसही ठरला – २४ ऑक्टोबर १९७५, शुक्रवार. २४ ऑक्टोबर म्हणजे संयुक्त राष्ट्रदिन.

तो शुक्रवार उजाडला. देशातल्या सुमारे ९० टक्के बायका कामावर गेल्या नाहीत. घरातही त्यांनी इकडची काडी तिकडे केली नाही.

आणि मग एकेक गंमत सुरू झाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये फोन जोडून देणारं कुणी नाही. मासळीचे कारखाने बंद. शिक्षिका नाहीत म्हणून कितीतरी शाळांना सुट्टी. एअर होस्टेस नाहीत म्हणून विमानं रद्द. नाटकांच्या तालमी थांबल्या. बँकांमध्ये एरवी केबिनमध्ये बसणारे मोठे साहेब खिडकीवर येऊन पैसे मोजायला लागले!

बाबालोकांचं काय झालं ते तर विचारूच नका. शाळा बंद, पाळणाघरं बंद, आई घरी नाही. मग मुलांना ठेवायचं कुठे? शेवटी मुलांचं बोट धरून बाबा ऑफिसात निघाले. मुलं गप्प बसावीत म्हणून कुणी खाऊ घेतला, कुणी रंगीत पेन्सिली घेतल्या. रेडिओवर बातम्या लागल्या, तर बातम्या देणाऱ्याच्या आवाजामागून मुलांचा कलकलाट ऐकू येतोय! संध्याकाळी जेवणाचा प्रश्न आला. तिकडे मांसाचे ‘सॉसेज’ तयार मिळतात. नुसते गरम केले की झालं. ज्यांना स्वयंपाकातलं ओ की ठो कळत नव्हतं त्या सगळ्या बाबांना एकाच वेळी हीच युक्ती सुचली. दुकानांतले सॉसेज संपले!

आइसलंडच्या भाषेत गुड फ्रायडेला ‘लांबलचक शुक्रवार’ म्हणतात. काही पुरुषांनी या दिवसालाही तेच नाव ठेवलं. संपता संपेना म्हणून!

आणि बायका कुठे होत्या? रेक्याविकच्या चौकात जवळजवळ २५ हजार लोकांची सभा भरली होती. आता करा हिशेब. देशातल्या दर नऊ माणसांमागे एक जण त्या चौकात! कारखान्यातल्या बायका, शेतकरणी, खासदारबाई, आज्या, कडेवर बाळ घेतलेल्या आया, सगळ्या एकमेकींना चिकटून उभ्या. भाषणं झाली, गाणी झाली. मारामारी नाही की दगडफेक नाही. रात्र झाली तशा त्या घरी गेल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कामाला लागल्या.

तुम्ही म्हणाल, मग बदललं काय? एका दिवसाची गंमत झाली आणि संपली!

नाही ना संपली. कारण त्या दिवशी जे डोळ्यांना दिसलं ते पुन्हा झाकता येईना. पुढच्याच वर्षी, १९७६ साली, स्त्री-पुरुष समानतेचा कायदा झाला. आणि १९८० साली तर कमालच झाली. त्या शुक्रवारी नाटकाची तालीम टाकून सभेला गेलेली एक बाई होती. रेक्याविकच्या नाट्यसंस्थेची संचालिका. तिचं नाव व्हिग्दिस फिनबोगादोत्तिर. नाव ऐकून दचकू नका! आइसलंडमध्ये आडनावं जवळजवळ नसतातच. ‘दोत्तिर’ म्हणजे लेक. फिनबोगीची लेक व्हिग्दिस. आपल्या संस्कृतातला ‘दुहिता’ हा शब्द त्या ‘दोत्तिर’चा लांबचा भाऊबंदच. लग्न झालं तरी तिथे बाईचं नाव बदलत नाही. आणि राष्ट्राध्यक्ष झाली तरी सगळे तिला व्हिग्दिसच म्हणतात!

हो, राष्ट्राध्यक्ष! २९ जून १९८० च्या निवडणुकीत ती उभी राहिली. समोर तीन पुरुष. ही घटस्फोटित, एका दत्तक मुलीला एकटीने वाढवणारी. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण मतं मोजली तेव्हा सगळ्यांत जास्त, जवळजवळ ३४ टक्के मतं व्हिग्दिसला होती. लोकांनी थेट मतदान करून निवडलेली जगातली पहिली महिला राष्ट्राध्यक्ष!

इथे तुमच्यातला एखादा हुशार हात वर करील, “पण श्रीलंकेच्या सिरिमाओ बंदरनायके? आपल्या इंदिरा गांधी?” बरोबर! बंदरनायके १९६० साली आणि इंदिराजी १९६६ साली पंतप्रधान झाल्या होत्या. पण पंतप्रधान होतो तो खासदारांच्या पाठिंब्याने. देशभरातल्या मतदारांनी थेट मत देऊन राष्ट्राध्यक्षपदी बसवलेली पहिली बाई मात्र व्हिग्दिस.

ती एकदा नाही, चार वेळा निवडली गेली. १९९६ पर्यंत, तब्बल १६ वर्षं! आइसलंडमध्ये झाडं फार कमी, म्हणून ती जिथे जाई तिथे तीन रोपं लावी. एक मुलांसाठी, एक मुलींसाठी आणि एक अजून जन्माला यायच्या बाळांसाठी.

१९८३ साली बायकांनी स्वतःचा पक्ष काढून निवडणूक लढवली. संसदेत ३ च्या ९ जणी झाल्या. २००० साली तर फारच शहाणपणाचा कायदा झाला. बाळ जन्मल्यावर आईला ३ महिन्यांची रजा, बाबांना ३ महिन्यांची आणि आणखी ३ महिने दोघांनी वाटून घ्यायची. बाबांची रजा बाबांनीच घ्यायची. नाही घेतली तर बुडाली! मग बाबाही बाळाची लंगोटं बदलायला शिकले. २०२१ च्या निवडणुकीनंतर संसदेतल्या ६३ खासदारांत ३० महिला होत्या.

म्हणजे सगळं झकास झालं का? तसंही नाही. २००५ साली त्याच २४ ऑक्टोबरला बायका पुन्हा काम सोडून बाहेर पडल्या, पण या वेळी घड्याळ लावून. दुपारी २ वाजून ८ मिनिटांनी! ही काय वेळ झाली? तर ऑफिस ९ ते ५, म्हणजे ४८० मिनिटं. बायकांची सरासरी कमाई तेव्हा पुरुषांच्या सुमारे ६४ टक्के होती. ४८० चे ६४ टक्के काढा, ३०७ मिनिटं येतील. म्हणजे दोन वाजून गेले की पुढचं सगळं काम जणू फुकटच! (घर सांभाळावं लागतं म्हणून पुष्कळ बायका अर्धवेळ नोकरी करतात, त्यामुळे कमी झालेली कमाईही यात आली.) मग २०१० साली त्या २ वाजून २५ मिनिटांनी उठल्या, २०१६ साली २ वाजून ३८ मिनिटांनी आणि २०१८ साली २ वाजून ५५ मिनिटांनी. समानतेचा काटा पुढे सरकत होता, पण गोगलगाईच्या चालीने.

२४ ऑक्टोबर २०२३ ला त्यांनी पुन्हा पूर्ण दिवस काम बंद ठेवलं. ‘याला समानता म्हणता?’ हीच त्या दिवसाची घोषणा. तेव्हाच्या पंतप्रधान कात्रीन याकोब्सदोत्तिर स्वतः त्यात सामील झाल्या! आणि २०२४ साली हाला तोमासदोत्तिर राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आल्या. १९७५ च्या त्या शुक्रवारी त्या ७ वर्षांच्या होत्या. आई आणि मावशा आज काम का करत नाहीत, हे त्यांनी तेव्हा स्वतः पाहिलं होतं. लहान मुलं बघत असतात, ती अशी!

आता थोडं आपल्याकडे बघू. २०१९ साली आपल्या सरकारने पहिल्यांदाच देशभर पाहणी केली, की लोकांचा दिवस कशाकशात जातो. घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी निघाली २९९ मिनिटं. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ९७ मिनिटं. आणि पुष्कळ पुरुष तर या हिशेबात आलेच नाहीत, कारण ते घरकाम करतच नाहीत.

तुमच्या घरचा आकडा काय असेल? शोधायला संपाची गरज नाही. येत्या रविवारी एक कागद घ्या. आई, बाबा, आजी, आजोबा, ताई, दादा आणि तुम्ही स्वतः, असे रकाने आखा. कोण किती मिनिटं घरचं काम करतं ते दिवसभर लिहा. पाणी भरणं, डबा भरणं, कपडे वाळत घालणं, आजीला औषध देणं, धाकट्याला झोपवणं, सगळं आलं बरं का! रात्री बेरीज करा आणि कागद जेवायच्या ठिकाणी सगळ्यांना दिसेल असा ठेवा. पालकहो, मुलांनी तो कागद तुमच्यासमोर ठेवला तर रागावू नका. आपापला रकाना वाचा. आणि मुलग्यांनो, स्वतःच्या रकान्यात काय लिहिलं गेलंय ते आधी बघा!

जाता जाता एक गणित. २००५ साली आइसलंडच्या बायका २ वाजून ८ मिनिटांनी उठल्या, २०१८ साली २ वाजून ५५ मिनिटांनी. याच चालीने काटा सरकत राहिला, तर तो ५ वाजेपर्यंत कोणत्या साली पोहोचेल? आणि तेव्हा तुमचं वय काय असेल? उत्तर पुढच्या अंकात. पण त्याआधी तुम्ही सोडवून ठेवाल, खात्री आहे!