ब्रेक तेल पीत नाही

सदर : घरचं गॅरेज

गेल्या दिवाळी अंकात याच सदरात डर्ट बाइकची चेन आणि स्प्रॉकेट बदलण्याबद्दल लिहिलं होतं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दोघीतिघींनी मला कोपऱ्यात गाठून विचारलं, "मुलीला असली गाडी चालवू देता? भीती नाही वाटत?" मी ऐटीत म्हणाले, "गाडीची सगळी कामं मी स्वतः करते, मग भीती कसली?" या वर्षीचा लेख त्या ऐटीबद्दल आहे.

सप्टेंबरमधल्या एका शनिवारी आम्ही हॉलिस्टर हिल्सला गेलो होतो. सॅन होजेहून दक्षिणेला तासाभरावर हे डोंगर आहेत. पावसाळा सुरू व्हायच्या आधी तिथली माती अगदी पिठासारखी भुसभुशीत असते. माझी सोळा वर्षांची लेक एका उतारावरून खाली येत होती. तिनं उजव्या पायानं मागचा ब्रेक दाबला, तर पेडल सरळ तळाला गेलं. घाबरून तिनं पुढचा ब्रेक आवळला. सैल मातीत उतारावर पुढचं चाक अडकलं की घसरतंच. तसंच झालं आणि ती पडली. हेल्मेट, बूट, छातीचं कवच सगळं होतं, म्हणून कोपर सोलण्यावर निभावलं. उठून धूळ झटकत ती म्हणाली, "आई, मी तुला मागच्याच वेळी सांगितलं होतं, पेडल मऊ लागतंय."

सांगितलं होतं. मी काय केलं होतं? मागच्या ब्रेकची छोटी टाकी बघितली, तेल कमी दिसलं, वरून भरलं आणि "झालं" म्हणाले. तेही एकदा नाही, उन्हाळ्यात दोनदा.

घरी आल्यावर कोल्हापूरला दादाला फोन केला. उद्यमनगरात त्याचं गॅरेज आहे. माझं पान्यांचं सगळं शिक्षण तिथलंच. सगळं ऐकून घेतलं आणि त्यानं एवढंच विचारलं, "अगं, ब्रेक काय तेल पितंय व्हय?"

मी गप्प झाले, कारण प्रश्न बिनतोड होता. इंजिन थोडं तेल जाळू शकतं. ब्रेकचं तेल बंद नळीत असतं. पेडल दाबलं की तेच तेल कॅलिपरमधल्या पिस्टनला ढकलतं, पिस्टन पॅडना डिस्कवर दाबतो, पाय सोडला की तेल मागे येतं. यात खर्च काहीच होत नाही. टाकीतली पातळी दोनच कारणांनी उतरते. एक, पॅड झिजले की पिस्टन थोडा बाहेर सरकतो आणि त्याच्यामागची जागा तेल भरून काढतं. दोन, तेल कुठून तरी गळतंय. पॅड तर मार्चमध्ये मीच नवे घातले होते. म्हणजे पहिलं कारण बादच होतं. तरी मी तेल ओतत राहिले.

रविवारी सकाळी आधी गळती शोधली. चिखलानं माखलेल्या कॅलिपरवर ओल कुठली आहे ते कळत नाही, म्हणून तो धुतला, कोरडा केला आणि खाली पांढरा कागद ठेवून लेकीला पेडल दाबून धरायला सांगितलं. गळायच्या जागा तीन : नळी जिथे बसते तो पोकळ बोल्ट, हवा काढायचं निपल आणि पिस्टनभोवतीचं सील. पहिल्या दोन्ही कोरड्या होत्या. तेल पॅडच्या बाजूनं, पिस्टनच्या कडेनं झिरपत होतं. सील गेलं होतं.

पिस्टन काढायची युक्ती दादाची. नळी सोडायच्या आधी पेडलनंच पिस्टन बाहेर ढकलायचा. पॅड काढून, खाली फडकं धरून सावकाश पंप करायचं. काही जण कॉम्प्रेसरची हवा मारतात. त्यानं पिस्टन गोळीसारखा सुटतो, आणि समोर बोट असेल तर बोट गेलंच म्हणून समजा. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि तेल रंगावर सांडलं तर लगेच पाण्यानं धुवायचं, नाहीतर रंग उतरतो.

पिस्टन हातात आला आणि माझी चोरी पकडली गेली. बाहेरचं धूळ अडवणारं सील एका जागी फाटलेलं, आणि बरोबर त्याच रेषेत पिस्टनवर एक उभा ओरखडा. नखाला लागेल इतका. मार्चमध्ये नवे जाड पॅड बसवण्यासाठी मी पिस्टन शिकंज्यानं मागे दाबला होता, पण त्याच्या उघड्या भागावरचा चिखल पुसला नव्हता. वाळूचे कण सीलमधून आत घातले ते मीच. पिस्टन दाबण्याआधी पाच मिनिटं ब्रश फिरवला असता तर हा लेख लिहावा लागला नसता.

आतलं सील दिसायला चौकोनी कडेचं साधं रबरी कडं असतं, पण त्याच्याकडे कामं दोन. ते तेल अडवतं, आणि पिस्टन पुढे जाताना किंचित पिळ घेतं. पाय सोडला की तो पीळ सुटतो आणि पिस्टन केसभर मागे येतो. म्हणून पॅड डिस्कला घासत राहत नाहीत. असलं नाजूक काम करणारं रबर एकदा काढलं की परत घालायचं नाही. दोन्ही सीलं नवी, पिस्टन नवा आणि पोकळ बोल्टाचे तांब्याचे दोन्ही वॉशरही नवे मागवले. हे वॉशर आवळताना दबूनच बसतात, दुसऱ्यांदा नीट बसतील याचा भरवसा नाही.

सीलच्या खाचा बांबूच्या काडीनं साफ केल्या. लोखंडी टोकानं आत चरा पडतो. पेट्रोल किंवा गंज सोडवायचा फवारा इथे वापरायचा नाही, त्यानं ब्रेकचं रबर फुगतं. नवी सीलं ताज्या ब्रेकच्या तेलात बुडवून बसवली आणि पिस्टन दोन्ही अंगठ्यांनी सरळ आत दाबला. नुसत्या अंगठ्यांनी गेला. तिरका अडला तर जोर करायचा नाही, बाहेर काढून परत सुरुवात करायची.

राहिले पॅड. सहा महिन्यांचेच, पण तेलानं भिजलेले. लहानपणी गॅरेजमध्ये स्कूटरचे तेलकट लायनर बत्तीवर तापवून, पॉलिश पेपरवर घासून परत बसवलेले मी पाहिले होते. दादाला म्हणाले, तसंच करते. तो म्हणाला, "तवा गिऱ्हाइकाकडं नव्याला पैसं नसायचं म्हणून करत हुतो. तुझ्याकडं हायत न्हवं?" पॅडच्या पोटात मुरलेलं तेल तापवून पुरतं जात नाही, आणि ऐन उतारावर ते दगा देतं. पॅड टाकले, डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसली. सगळं सामान मिळून खर्च शंभर डॉलरच्या आत आला.

शेवटी हवा काढणं. जुनं तेल चहाच्या रंगाचं झालं होतं. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं. नव्या डॉट 4 तेलाचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सियस असतो. ओल शिरल्यावरचं त्याचं मोजमाप किमान 155 अंशांचं असतं. तापलेल्या ब्रेकमध्ये तेल उकळलं तर वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल पुन्हा मऊ. लेक पेडलवर, मी निपलवर. "दाब… दाब… धर." निपल सैल करायचं, बुडबुड्यांसकट तेल येतं, निपल बंद करायचं, मगच "सोड". मी "सोड" म्हणायच्या आधी पाय उचलला तर हवा परत आत. टाकी मध्येच रिकामी झाली तरी तेच. अर्धा तास आम्ही दोघी तीनच शब्द बोलत होतो. एकदाही तिनं पाय आधी उचलला नाही. माझं ऐकण्यात तिनं कसूर केली नाही. मी मात्र तिचं ऐकलं नव्हतं.

रात्री पेडल पट्ट्यानं दाबून बांधून ठेवलं आणि खाली कागद. सकाळी कागद कोरडा, पेडल घट्ट. आधी ड्राइव्हवेमध्ये चालण्याच्या वेगानं, मग पुढच्या शनिवारी सपाटीवर, मग उतारावर.

आता आमच्या गॅरेजमध्ये एक नियम आहे. निघण्याआधी पेडल ती दाबून बघणार, टाकीची खिडकी ती बघणार. तिनं "मऊ लागतंय" म्हटलं तर गाडी ट्रकवर चढणार नाही, मग मला काहीही वाटो. आणि तेल कमी दिसलं तर झाकण उघडायच्या आधी ते गेलं कुठे ते शोधायचं.

दसऱ्याला पान्यांची पूजा केली आणि गाडीला झेंडूचा हार घातला. व्हिडिओ कॉलवर दादानं भाचीला विचारलं, "तेल किती हाय गं?"

"होतं तेवढंच आहे, मामा."