माऊ, ये!
२६ डिसेंबर २०२३ च्या रात्री चेन्नईजवळच्या एन्नोरमध्ये समुद्राखालच्या नळातून अमोनिया गळला आणि पेरियकुप्पमची माणसं घरं सोडून पळाली. अशा वेळी पलंगाखाली दडलेलं मांजर कोण शोधणार? म्हणून घरच्या माऊला निदान ‘ये’ एवढं तरी शिकवाच. मांजराला स्वतःचं नाव ओळखता येतं, हे जपानी संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं. येणं मात्र त्याच्या मर्जीवर. सगळा मामला रोखीचा! भुकेच्या वेळी एकाच सुरात हाक मारा, आल्याबरोबर उकडलेल्या मासळीचा बिनकाट्याचा तुकडा द्या. औषध पाजायला त्या हाकेनं कधीच बोलावू नका. ते जमलं की तुकडा टोपलीत ठेवून बोलवा. झाकण लावायची घाई मात्र नको.