यंत्राला अनुदान, कोयत्याला काय?

ऊसतोड कामगार भावांनो, बहिणींनो,

फडात हार्वेस्टर शिरलं आहे. ते अडवा, काचा फोडा, असं सांगायला हे पत्रक काढलेलं नाही. कोयता सुटला तर रडावं असं त्यात काय आहे? पहाटेच्या थंडीत ओल्या पाचटात उतरणं आणि रात्री-अपरात्री गाडी भरणं लेकरांच्याही नशिबी यावं, असं कोणाला वाटतं? आमचं भांडण हिशेबाचं आहे.

राज्य सरकारने २०२३ मध्ये तोडणी यंत्राला किमतीच्या ४० टक्के किंवा ३५ लाख रुपये, यांतलं कमी असेल ते अनुदान जाहीर केलं. हे झालं यंत्र घेणाऱ्याचं. ज्याच्या हातचं काम जाणार, त्याचं काय?

यंत्राला रुंद सरी लागते, मोठं सपाट रान लागतं, उभा ऊस लागतो. तसले फड ते घेणार. आपल्या वाट्याला लोळलेला ऊस, चिखलाची रानं, चार-दोन गुंठ्यांचे तुकडे. दिवसभर राबूनही टन भरत नाही असे. कारखान्यांशी झालेल्या २०२४ च्या करारात मजुरी ३४ टक्के वाढली खरी, पण ती टनावर. टनच भरला नाही तर वाढ घेऊन काय करायचं? वाढे विकून सुटणारा मीठ-मिरचीचा पैसाही गेला, कारण यंत्र शेंडे छाटून रानातच टाकतं. हंगामाआधी घेतलेली उचल मात्र अंगावर तशीच.

बाईची गत त्याहून वाईट. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल नवऱ्याच्या नावावर, हिशेब त्याच्या हातात. बीडमधल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचा बोभाटा झाला, २०१९ मध्ये आमदार नीलम गोऱ्हे यांची समिती नेमली गेली, तेव्हा कुठे त्या सरकारी कागदावर आल्या. जिचं काम कधी मोजलंच नाही, तिचं काम गेलेलं कोण मोजणार?

म्हणून आमच्या मागण्या अशा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांनी गाळपाच्या टनामागे १० रुपये द्यायचे ठरले आहे. ऊस यंत्राने तोडला तरी हे १० रुपये सुटता कामा नयेत. त्यातून आपल्या मुला-मुलींना हार्वेस्टर चालवायला, दुरुस्त करायला शिकवा. यंत्रामुळे हंगाम बुडाला तर त्या वर्षीच्या उचलीचा तगादा बंद करा. अनुदानाचं यंत्र घेणाऱ्याने चालक आणि मदतनीस तोडणी कामगारांच्या घरातलेच घ्यावेत.

आणि तुम्ही, तोडीला जाणाऱ्या गाडीत बसण्याआधी ग्रामपंचायतीत ऊसतोड कामगार म्हणून नोंद करा. नवऱ्याची वेगळी, बायकोची वेगळी. ओळखपत्र हातात पडल्याशिवाय उठू नका, आणि टाळाटाळ झाली तर ग्रामसभेत सगळ्यांदेखत जाब विचारा.