श्रावण पाळल्याचा दाखला

आषाढ अमावास्या जवळ आली की महाराष्ट्रातल्या दारूच्या दुकानांपुढची गर्दी वाढते आणि श्रावण लागला की अनेक घरांत बाटली बंद होते. कुणी महिनाभर बंद ठेवतो, कुणी गणपती विसर्जनापर्यंत. व्रत म्हणून त्यात वावगे काही नाही. पण पिणाऱ्याला त्यातून एक दाखला मिळतो आणि तो वर्षभर चालतो. बायको काही बोलली, भावाने समजावले, डॉक्टरांनी विचारले की उत्तर तयार असते : ‘मी दरवर्षी श्रावण पाळतो. व्यसन असते तर जमले असते का?’ हा दाखला चुकीच्या परीक्षेचा आहे, असे माझे ठाम मत आहे. कधीमधी पिणे कुठे संपते आणि व्यसन कुठे सुरू होते, हे माणूस किती दिवस न पिता राहतो यावरून ठरत नाही. पिण्याच्या बाबतीत त्याने स्वतः ठरवलेले त्याच्याच हातून पाळले जाते का, यावरून ते ठरते.

श्रावणात माणूस थांबतो तेव्हा त्याला अनेक आधार असतात. नियम बाहेरून आलेला असतो, बरोबर बसणारे मित्रही त्या काळात बसत नाहीत, घरात सोवळे असते, आणि मुख्य म्हणजे संपण्याची तारीख आधीच ठाऊक असते. एका मंगळवारी संध्याकाळी, कोणताही सण नसताना, ‘आज दोनच घ्यायच्या’ असे ठरवणाऱ्याला यातला एकही आधार नसतो. नियंत्रण आहे की गेले, हे तिथे कळते, पहिला ग्लास रिकामा झाल्यावर. दारूच्या पूर्ण आहारी गेलेली माणसेही मधेमधे थांबतात. जॉर्ज व्हॅलंट या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञाने शेकडो पुरुषांच्या आयुष्याचा तरुणपणापासून कित्येक दशके मागोवा घेतला. त्यांतल्या मद्यासक्तांच्या आयुष्यातही न पिण्याचे काळ पुन्हा पुन्हा आले होते. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही याचे नवल वाटणार नाही. थांबणे अनेकांना जमते. सुरू केल्यावर ठरवल्या जागी हात आखडणे जमत नाही.

वैद्यकशास्त्राने गेल्या चाळीस वर्षांत हीच कसोटी हळूहळू पक्की केली आहे. जॉन युइंग यांनी १९८४ मध्ये चार प्रश्नांची एक साधी चाचणी प्रसिद्ध केली. पिणे कमी करायला हवे असे तुम्हाला कधी वाटले का? पिण्यावरून कुणी बोलले तर राग आला का? पिण्याबद्दल मनात अपराधी वाटले का? सकाळी उठल्याउठल्या हात किंवा मन स्थिर करण्यासाठी घ्यावी लागली का? दोन उत्तरे ‘हो’ आली की डॉक्टरने अधिक चौकशी करावी, असा संकेत आहे. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष नव्याने मांडले, त्यांत अकरा लक्षणे आहेत. ठरवल्यापेक्षा जास्त किंवा जास्त वेळ पिणे, कमी करण्याचे प्रयत्न फसणे, पिण्यापायी घरची वा कामाची जबाबदारी चुकणे, नुकसान दिसत असूनही पीत राहणे, आवडीच्या गोष्टी सुटत जाणे, अशी ती यादी आहे. वर्षभरात यांतली दोन आढळली तरी सौम्य विकार, सहा किंवा अधिक आढळली तर तीव्र. या अकरांत ‘रोज किती पेग’ असा निकष कुठेच नाही. पिणाऱ्याची तुलना शेजाऱ्याशी केलेली नाही, त्याच्याच संकल्पाशी केलेली आहे. शिवाय ‘व्यसनी’ आणि ‘व्यसनी नसलेला’ अशा दोन खोल्या आणि मध्ये भिंत, असे चित्रही या निकषांत नाही. सौम्य, मध्यम, तीव्र असा एक उतार आहे.

यावर कुणी म्हणेल, मग प्रमाणाला काही महत्त्वच नाही का? आहे, पण त्याचा हिशेब वेगळा आहे. व्यसन नसतानाही दारू शरीराचे नुकसान करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ पासून मद्याला कर्करोगजनक पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. वर्षातून दोनदा पिणारा माणूस व्यसनी नसतो, तरी त्याच दोन रात्री गाडी चालवून तो कुणाचा जीव घेऊ शकतो. आणि प्रमाण मोजायचेच असेल तर नीट मोजावे. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्याने लक्षात घ्यावे की आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत सुमारे ४० ग्रॅम मद्यार्क असतो, म्हणजे व्हिस्कीच्या ३० मिलिलिटरच्या चार पेगइतका. ‘एकच बाटली’ हा शब्दप्रयोग त्यामुळे फार फसवा आहे. तरीही कमी पिणारा एखादा नियंत्रण गमावून बसलेला असतो आणि जास्त पिणारा एखादा अजून त्या टप्प्यावर आलेला नसतो. म्हणून यकृताची काळजी आणि व्यसनाची चौकशी ही दोन कामे एकमेकांत मिसळू नयेत.

आपली खरी अडचण समाजाने आखलेल्या रेषेची आहे. आपल्या डोळ्यांपुढे व्यसनी माणूस म्हणून जो येतो तो रस्त्याच्या कडेला पडलेला, नोकरी गेलेला, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसलेला असतो. त्या अवस्थेला न पोचलेला प्रत्येकजण मग आपोआप ‘लिमिटमध्ये घेणारा’ ठरतो. पगार वेळेवर येतो, मुलांची फी भरली जाते, ऑफिसात कुणाची तक्रार नाही, मग व्यसन कसले, असे विचारले जाते. पण नोकरी बहुधा शेवटी जाते, कारण दारूचा पैसा तिच्यातून येत असतो आणि ती सांभाळण्यासाठी माणूस उरलीसुरली शक्ती पणाला लावतो. आधी जातात त्या घरातल्या गोष्टी : मुलाला दिलेला शब्द, रात्रीचे एकत्र जेवण, मोकळेपणाने झालेले बोलणे. बाबांच्या जिना चढण्याच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार हे ओळखणारी मुले या राज्यात घरोघरी आहेत, आणि त्यांना कोणत्याही चाचणीची गरज नसते. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के, स्त्रियांत १.६ टक्के. पितात मुख्यतः पुरुष. त्याचा भार मात्र न पिणाऱ्या बायका उचलतात. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केले, तिथे रुग्णांच्या पत्नींसाठी वेगळा गट चालवला गेला. व्यसन एका माणसाच्या घशापुरते नसते याची ती ओळख होती.

रेषा इतकी अलीकडे आणली तर प्रत्येक पिणारा रुग्ण ठरेल, हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण कुणावरही उगाच शिक्का मारणे अन्यायाचे आहे. पण त्याच पाहणीने दिलेला आकडा पाहावा. १६ कोटींपैकी सुमारे ५.७ कोटी लोकांचे पिणे घातक किंवा अवलंबित्वाच्या पातळीवरचे आहे. म्हणजे पिणाऱ्या दर तिघांत दोघे त्या रेषेच्या अलीकडे आहेत, त्यांना कुणी रुग्ण म्हणत नाही. पण तिसऱ्याला ‘थोडीशी घेतो’ म्हणून सोडून देणेही खोटे आहे. आणि सौम्य विकार म्हणजे लगेच केंद्रात भरती नव्हे. त्या टप्प्यावर डॉक्टरशी झालेल्या स्पष्ट संभाषणानेही अनेकांचे पिणे काही प्रमाणात कमी होते. लवकर ओळखण्याचा फायदा हाच.

दुसरा आक्षेप अधिक कडवट असतो, विशेषतः ज्यांनी घरात मार खाल्ला आहे त्यांच्याकडून येणारा : आजार म्हटले की याची जबाबदारी संपली, आता तो आणखी निर्लज्जपणे पिणार. हा राग खरा आहे. पण मधुमेह हा आजार आहे म्हणून मधुमेह्याला पथ्यातून सूट मिळत नाही, उलट पथ्य त्याच्या गळ्यात पडते. दारूच्या नशेत केलेल्या मारहाणीला माफी नाहीच. आजार म्हणण्याचा अर्थ इतकाच की केवळ शपथ घालून, देवाच्या पायावर हात ठेवायला लावून काम भागणार नाही. रोजच्या मद्यार्काशी मेंदूने जुळवून घेतलेले असते. मद्यार्क अचानक थांबला की हात थरथरतात, घाम फुटतो, काहींना फिट येते, भास होतात, भ्रम होतो आणि उपचार न मिळाल्यास मृत्यूही ओढवतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला खोलीत कोंडून ‘सोड’ म्हणणे धोक्याचे आहे. त्याला आधी डॉक्टरकडे न्यावे. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दारू मिळेना, तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीत सॅनिटायझर पिऊन सात जण दगावले. ती माणसे मजेसाठी प्यायली, असे कोण म्हणेल?

दारूचा विषय निघाला की आपले सार्वजनिक बोलणे बंदी की परवानगी इथेच अडकते. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ला आली आणि २०२१ ला उठली, आणि दोन्हींवरचा वाद अजून तापलेला आहे. तो व्हायला हवा. पण जो माणूस आज रात्री ठरवल्यापेक्षा जास्त पिणार आहे, त्याच्याकडे पाहायला या वादात कुणाला सवड होत नाही. एम्सच्याच पाहणीत, दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी जेमतेम एकाला कोणता तरी उपचार मिळाल्याचे आढळले. याचे एक कारण केंद्रांची कमतरता, दुसरे म्हणजे लाज, आणि तिसरे, माझ्या मते सर्वांत मोठे, म्हणजे रस्त्याच्या कडेला पडेपर्यंत त्याला कुणी रुग्ण समजतच नाही. तीस-पस्तिशीतला माणूस रक्तदाब किंवा ॲसिडिटीसाठी फॅमिली डॉक्टरकडे जातो, तेव्हा युइंग यांचे चार प्रश्न त्याला विचारायला दोन मिनिटे लागतात. ते विचारण्याची सवय लावणे आणि उत्तर ‘हो’ आले तर पुढे पाठवायला तालुक्याच्या ठिकाणी जागा असणे, एवढे तरी आरोग्य खात्याकडून मागायला हवे. तोवर केंद्र सरकारची १४४४६ ही मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. पिणारा फोन करायला तयार नसेल तर त्याची बायको, आई किंवा मुलगी तो करू शकते.