नक्कल नव्हे, रूपांतर



मागच्या वर्षी शाळेतील सामानाची खोली आवरताना एक जुना कॉम्प्युटर निघाला. एक मुलगा लगेच म्हणाला, "सर, याच्यावर एकही गेम चालणार नाही. भंगारात देऊन टाकू या." बाकीच्या मुलांनीही माना डोलावल्या. मला मात्र त्याचे म्हणणे पटले नाही. का पटले नाही, हे सांगण्यासाठी मी एका गेमचीच हकिकत सांगतो.

१९८७ साली जपानच्या आयरेम या कंपनीने 'आर-टाइप' नावाचा व्हिडिओ गेम काढला. त्यात एक लहानसे अंतराळयान पुढे पुढे जाते. समोरून शत्रू चालून येतात. त्यांच्यावर गोळ्या झाडत आपण वाट काढायची. हा खेळ पार्लरमध्ये, कपाटाएवढ्या यंत्रात नाणे टाकून खेळावा लागे. रंगीत चित्रे झरझर हलवण्यासाठी त्या यंत्रात खास सर्किटे बसवलेली होती.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, हा खेळ स्पेक्ट्रम या घरगुती कॉम्प्युटरवर आला. स्पेक्ट्रम हा ब्रिटनच्या सिंक्लेअर कंपनीचा, १९८२ सालचा कॉम्प्युटर. आपल्या देशातही डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने परवाना घेऊन १९८६ पासून तो 'डीबी स्पेक्ट्रम प्लस' या नावाने विकला. म्हणजे खेळ नवा होता आणि यंत्र जुने.

आणि ते यंत्र किती लहान! त्याची स्मृती अवघी ४८ किलोबाइट. आज मोबाइलवर काढलेला एक साधा फोटोही याच्या कितीतरी पट जागा घेतो. चित्रे हलवण्यासाठी त्यात खास सर्किट नव्हते. पडद्यावर आडवे २५६ आणि उभे १९२ ठिपके मावत. त्यातही एक विचित्र अडचण होती. आठ बाय आठ ठिपक्यांच्या प्रत्येक चौकोनात फक्त दोनच रंग वापरता येत. लाल यान निळ्या भिंतीजवळून गेले, की भिंतीचा तुकडाही लाल होई. म्हणून अनेक जण आपले खेळ एकाच रंगात करून मोकळे होत.

हे काम बॉब पेप या प्रोग्रामरने केले. मूळ खेळाचा प्रोग्राम उचलून स्पेक्ट्रमवर ठेवणे शक्यच नव्हते, कारण दोन्ही यंत्रांचे प्रोसेसर वेगळे. म्हणून खेळ पुन्हा नव्याने लिहावा लागला. रंग मात्र सोडले नाहीत. सगळे टप्पे एकदम स्मृतीत मावत नव्हते, म्हणून ते कॅसेटवरून एकामागून एक भरून घ्यावे लागत. मूळ खेळाचे सगळे वैभव त्यात आले नाही, पण खेळणाऱ्याला तोच खेळ खेळल्याचा आनंद मिळाला. पुढे पेप यांनी या कामाची हकिकत पुस्तकरूपाने लिहिली.

कोणी म्हणेल, ही तर नक्कल झाली. मला तसे वाटत नाही. तुम्ही उर्दूतून मराठीत भाषांतर करता, तेव्हा काय होते ते आठवा. उर्दूत 'शिकस्त' म्हणजे पराभव. मराठीत 'प्रयत्नांची शिकस्त' म्हणजे शक्य तेवढे सर्व प्रयत्न. शब्द तसाच उचलून ठेवणारा फसतो. ज्याला दोन्ही भाषा कळतात, तोच अर्थ पलीकडे नेतो. खेळाचेही तसेच आहे. मूळ खेळाचा प्राण कशात आहे आणि आपले यंत्र काय करू शकते, हे दोन्ही ज्याला समजले, त्यालाच रूपांतर साधते. गाइडमधले उत्तर वहीत उतरवणे ही नक्कल. तेच उत्तर समजून घेऊन आपल्या शब्दांत लिहिणे हे रूपांतर.

"पण सर, गेममुळे वेळ वाया जातो, असे घरी अब्बा म्हणतात," असे तुम्ही म्हणाल. अब्बांचे म्हणणे खरे आहे. तासन्‌तास मोबाइलवर गोळ्या झाडत बसल्याने हाती काही लागत नाही. माझे सांगणे एवढेच, की खेळणे वेगळे आणि खेळ बनवणे वेगळे. एक ठिपका पडद्यावर डावीकडून उजवीकडे नेणारा प्रोग्राम लिहून पाहा. त्यात गणित आहे, तर्क आहे आणि सबुरीही आहे. त्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. सामानाच्या खोलीतला तो जुना कॉम्प्युटर सुरू झाला, तर तोही पुरे.

आपल्या वर्धेला हा विचार नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये येथे शिक्षण परिषद भरली होती. गांधीजी तिचे अध्यक्ष होते. मुलांनी हाताने काम करीत शिकावे, असा विचार तेथे मांडला गेला. त्याची योजना तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकीर हुसेन, जे पुढे १९६७ साली भारताचे राष्ट्रपती झाले. या शिक्षणाला 'नई तालीम' म्हणतात. तेव्हा मुलांच्या हातात टकळी होती. टकळी काही मोठे यंत्र नव्हते, पण सूत कातता कातता मुले मोजायला, हिशेब करायला शिकत.

म्हणून माझे मत असे, की शाळेतील कॉम्प्युटरचा तास केवळ व्याख्या पाठ करण्यात जाऊ नये. प्रत्येक मुलाने वर्षातून एक तरी लहानशी वस्तू त्यावर स्वतः तयार करावी. उर्दूत 'तालीम' म्हणजे शिक्षण. मराठीत पैलवान कुस्तीचा सराव करतात, ती जागा म्हणजे तालीम. मला दोन्ही अर्थ एकच वाटतात. घाम गाळल्याशिवाय दोन्हींपैकी एकही तालीम पुरी होत नाही.

स्वाध्याय
१. स्पेक्ट्रमवर खेळ आणताना कोणत्या अडचणी होत्या?
२. लेखकाने नक्कल आणि रूपांतर यांत कोणता फरक सांगितला आहे?
३. उर्दू आणि मराठीत वेगळा अर्थ असलेले आणखी दोन शब्द शोधून वाक्यांत वापरा.
४. लेखकाचे मत तुम्हांला पटते का? कारणे देऊन लिहा.